चव बघून सांगणे

आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट पक्की होऊन बसली आहे. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी माझ्या सुनेनं सासूची फजिती करायला आमटीत मुद्दाम मीठ टाकलं. रेणापूरपासून हिमायतनगरपर्यंत आमची जेवढी घरं आहेत, तेवढ्या घरांत ही गोष्ट सांगून झाली आहे. लग्नात, बारशात, तेराव्याच्या जेवणातसुद्धा. कुठं आमटी वाढायला आली की कुणीतरी हळूच म्हणतं, "बघून घ्या, हिला नांदेडची सून लागली नाही ना." आणि बाकीचे हसतात.

ही गोष्ट खोटी आहे. ती माझ्यामुळं तयार झाली आणि आजवर मी ती खोडली नाही. आता खोडतो आहे.

मी नांदेडच्या एका शाळेत मराठी शिकवायचो. निवृत्तीलाही आता बरीच वर्षं झाली. माझी बायको हिमायतनगरकडच्या एका खेड्यातली. त्यांचं कुलदैवत माहूरची रेणुका, आणि घरात सोवळं कडक. स्वयंपाक करणाऱ्या बाईनं नैवेद्याआधी अन्न जिभेला लावायचं नाही, हा त्या घरचा नियम. पदार्थ जमला की नाही हे वासावरून, रंगावरून, उकळी फुटल्यावर येणाऱ्या आवाजावरून ओळखायचं. लहानपणापासून तसंच शिकल्यामुळं नैवेद्य झाल्यावरही तिला स्वतः चव बघायची सवय लागली नाही. ती सासरी आली तेव्हा आमच्या घरात आईवडील, काका, दोन बहिणी. दिवसा नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. पण नैवेद्य दाखवून झाला की ती डाव घेऊन दाराशी यायची, माझ्या तळहातावर दोन थेंब सोडायची आणि म्हणायची, "मीठ बघा." मी चाटून म्हणायचो, "चिमूटभर कमी आहे," किंवा "आज चिंच वर आली." दिवसभरातलं आमचं बोलणं म्हणाल तर तेवढंच. मला ते फार आवडायचं. पुढं आम्ही वेगळे राहायला लागलो, बोलायला कुणाची आडकाठी उरली नाही, तरी डाव आणि तळहात राहिले.

या सवयीनं माझी जीभ तयार झाली. डाळ किती शिजली, फोडणी जळाली की करपता करपता वाचली, मीठ आधी पडलं की मागून, हे मला कळायचं. हळूहळू नात्यात नाव झालं. कुणाकडं लग्न असलं की आचारी कढई उतरवायच्या आधी निरोप पाठवायचा, "मास्तरांना बोलवा." मी जायचो, हात पुढं करायचो, आणि पन्नास माणसांसमोर डोळे मिटून उभा राहायचो. डोळे मिटायची काही गरज नव्हती. पण लोक बघतात म्हणून मिटायचो.

शाळेत मी पोरांना समानार्थी शब्द लिहायला द्यायचो. चाखणे, चव बघणे, चव घेणे, आस्वाद घेणे, जिभेला लावणे, तोंड लावणे, उष्टावणे. पोरं एकापुढं एक लिहायची आणि मी बरोबरच्या खुणा करायचो. घरात मात्र यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. आस्वाद घेणे हे कुठल्याच बाईनं चुलीपाशी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. चव घ्यायला सवड लागते, ते पाहुण्याचं काम. चव बघणं हे घरच्याचं काम, त्यात जबाबदारी येते, बघितल्यावर सांगावं लागतं. चाखलं म्हणजे थोडंच खाल्लं, आणि बहुतेक वेळा न विचारता. तोंड लावलं असं म्हणतात तेव्हा कुणावर तरी आळ असतो. उष्टावण लेकराची केली तर मामा चांदीची वाटी घेऊन येतो, आणि तेच सुनेनं नैवेद्याआधी उष्टावलं तर घर डोक्यावर घेतात. वर्गात हे मी कधी सांगितलं नाही. परीक्षेत विचारत नव्हते.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी आजारी पडलो. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा चालता येत होतं, बोलता येत होतं. फक्त वास आणि चव गेली होती. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू." बऱ्याच लोकांची आली. माझी आली नाही. तिखट तेवढं झोंबायचं, गरम-गार कळायचं. बाकी भात काय आणि ओला कागद काय.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी बायको डाव घेऊन आली. आजारात ती फार घाबरली होती. चेहरा उतरलेला होता. तळहातावर वरण सोडून म्हणाली, "मीठ बघा." मी चाटलं. काहीच नव्हतं. तिच्याकडं बघून म्हणालो, "बरोबर आहे."

तिचा चेहरा एकदम फुलला. "खरंच? काही कमी न्हाई?"

"काही नाही. झकास."

इतक्या वर्षांत मी तिला झकास म्हटलं नव्हतं. नेहमी काहीतरी काढायचो. त्या दिवसापासून रोज म्हणायला लागलो, कारण दुसरं काय म्हणणार? ती शेजारणीला सांगायची, "आमच्यांना आता कुठं माझ्या हातचं पटून राहिलं. आजारानं माणूस सुधारला." मला ते ऐकून बरं वाटायचं, आणि म्हणून उद्या सांगू, परवा सांगू असं होत गेलं. तिच्यासाठी लपवलं असं मी स्वतःला सांगत होतो. पण त्याच वर्षी एका लग्नात आचाऱ्यानं बोलावलं तेव्हाही मी गेलो, आणि डोळे मिटून "मस्त जमलंय" म्हणालो. तिथं तर बायको नव्हती.

मुलगा आणि सून तेव्हा आमच्याजवळच राहत होते. सून लातूरची, तिथल्याच शाळा-कॉलेजांत शिकलेली, नांदेडला एका कॉलेजात शिकवायची. बोलणं सरळ. लपवाछपवी तिला जमत नाही. ती आली तेव्हा बायकोला तिचं कौतुक होतं. "कामाला वाघ आहे," म्हणायची.

एक दिवस जेवताना सून म्हणाली, "आई, आज वरणात मीठ जरा जास्त झालं का?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. "अहो, तुम्ही बघितलं ना?"

"बघितलं की. बरोबर लागलं मला."

मुलानं दोन घास खाल्ले आणि वरणात पाणी ओतून घेतलं. मी ते बघितलं. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी एकदा भाजी अळणी झाली. मग एकदा पिठलं खारट. दर वेळी सून सांगायची, दर वेळी बायको माझ्याकडं बघायची, आणि दर वेळी मी म्हणायचो, बरोबर आहे. मुलगा मधल्या मध्ये गप्प बसायचा. आईच्या आणि बायकोच्या भांडणात पडू नये हे त्याला कुणी शिकवलं असेल तर मीच.

बायको म्हणायला लागली, "तिला माझ्या हाताला नावं ठेवायचीत. तुम्हाला बरोबर लागतं, मग हिचीच जीभ काय सोन्याची हाय का?"

सुनेनं एकदा मला एकट्याला गाठलं. मी गॅलरीत पेपर वाचत होतो. ती म्हणाली, "बाबा, मला भांडण नको आहे. पण आईंकडून मीठ दोनदा पडतं. घातलेलं त्यांच्या लक्षात राहत नाही. तुम्हाला खरंच कळत नाही, का त्यांना वाईट वाटेल म्हणून बोलत नाही?"

उत्तर द्यायला ती जागा चांगली होती. घरात तिसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "वयानं प्रत्येकाची आवड बदलते. तू जरा सांभाळून घे."

ती म्हणाली, "सांभाळूनच घेतेय," आणि आत गेली.

त्याच वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळे आमच्याकडं आले. रेणापूरहून माझी थोरली बहीण, तिला आम्ही अक्का म्हणतो. बायकोचा भाऊ आणि भावजय, पुतणे, त्यांच्या बायका, मिळून बरीच माणसं. पुरण, सोळा भाज्या, आंबील, कढी आणि मोठ्या पातेल्यात कटाची आमटी. बायको पहाटेपासून ओल्या साडीनं स्वयंपाकघरात होती. सून तिच्या हाताखाली.

तिथं काय झालं ते मी नंतर सुनेकडून ऐकलं आहे, आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. बायकोनं आमटीत मीठ घातलं. कुणीतरी दारातून फुलोऱ्याचं काहीतरी विचारलं. ती उत्तर देऊन वळली आणि परत मीठ घातलं. सून म्हणाली, "आई, आत्ताच घातलं तुम्ही." बायको म्हणाली, "न्हाई घातलं. मला शिकवू नको." नैवेद्याच्या वाट्या तिनं काढल्या आणि ती ताटं मांडायला देवापाशी गेली. सून पातेल्यापाशी एकटी. बाहेर इतकी माणसं जेवायची. तिनं डावातला थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. तेवढ्यात अक्का दारात आली.

"अगं बये! उष्टं केलंस? देवीच्या आधी तोंड लावलंस?"

अक्काचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. सगळ्या बायका गोळा झाल्या. बायको धावत आली. सून म्हणाली, "अक्का, नैवेद्य काढून झालाय. आमटी खारट झालीय, तोंडात घालवत नाही. आत्ताच डाळीचं पाणी वाढवलं तर सुधारेल."

"खारट हाय का न्हाई ते तू कोण सांगणार? लई शिकलीस म्हणून?"

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती म्हणाली, "उष्टं तर झालंच, आता ह्यांना बोलवा. हे सांगतील."

मला बोलावलं. मी दारात उभा राहिलो. बायकोनं तळहातावर आमटी सोडली. स्वयंपाकघरात, दारात, ओट्यापाशी सगळ्या थांबल्या होत्या. सून माझ्याकडं बघत म्हणाली, "बाबा, खरं सांगा."

मी चाटलं. जिभेच्या शेंड्याला किंचित तिखट झोंबलं, बस. मला काहीच सांगता येणार नव्हतं. काहीच सांगता येत नाही, एवढंच एक वाक्य खरं होतं. पण ते म्हटलं असतं तर इतक्या महिन्यांचं प्रत्येक झकास खोटं ठरलं असतं, आणि ते या सगळ्यांसमोर. मी म्हणालो, "बरोबर आहे. उगं काहीतरी."

अक्का म्हणाली, "झालं? मास्तर सांगून राहिला, आता तरी पटलं का बाई?"

सून मागं सरली. आरती सुरू झाली, सगळे देवापाशी गेले. सून आरतीला आली नाही. ती स्वयंपाकघरातच राहिली. ती तिथं रडत होती, पण त्या वेळी हे कुणाला ठाऊक नव्हतं.

पंगत बसली. पहिल्याच घासाला माझ्या मेहुण्याला ठसका लागला. तो तोंडाळ माणूस. पाण्याचा पेला रिकामा करून म्हणाला, "ताई, गोदावरीचं पाणी आणायच्या ऐवजी समुद्राचं आणलं काय गं?" पुतणे हसायला लागले. एकानं वाटी बाजूला सारली. मग दुसऱ्यानं. मेहुणा माझ्याकडं बघून म्हणाला, "दाजी, तुम्ही कसं काय खाऊन राहिलात?"

मी खाली बघितलं. माझी वाटी निम्मी झाली होती. मी म्हणालो, "अन्नाला नावं ठेवू नयेत."

अक्का वाढत होती. तिनं बोट बुडवून चाखलं आणि थुंकलं. मग ती जे बोलली ते अगदी मुद्देसूद होतं. तिच्या जागी मी असतो तर तेच बोललो असतो. ती म्हणाली, "आरतीच्या आधी मीठ बरोबर होतं. ह्यानं सगळ्यांसमोर चाखून सांगितलं. ह्याच्या जिभेला कधी चूक झालेली न्हाई. मंग आरतीच्या वेळी सैपाकघरात कोण होतं?"

हळूहळू सगळ्यांच्या माना सुनेकडं वळल्या. ती भाताचं ताट घेऊन उभी होती. माझ्या मुलानं, तिच्या नवऱ्यानं, पंगतीतून मान वर करून विचारलं, "तू टाकलंस का?"

तिनं ताट खाली ठेवलं. नाही म्हणाली नाही. ती नाही म्हणाली नाही, हेच मग पुरावा म्हणून फिरलं.

मी तिथंच बसलो होतो, भिंतीकडच्या पहिल्या पाटावर. ती कशी गप्प राहिली हे सगळे सांगतात. मी कसा गप्प राहिलो हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढं मुलानं लातूरला बदली मागून घेतली. सुनेनं नांदेडची नोकरी सोडून तिकडं दुसरी धरली. सणाला मुलगा एकटा यायचा, थोडा वेळ बसायचा आणि शेवटच्या गाडीची घाई करायचा. बायको म्हणायची, "बरं झालं गेली. माझी इज्जत घालवली तिनं."

बायकोचं विसरणं त्यानंतर वाढत गेलं. भाजी आणायला गेली आणि घरचा रस्ता सापडेना म्हणून ओळखीच्या रिक्षावाल्यानं आणून सोडली. गॅस चालू ठेवून झोपली. दूध म्हणून ताक चुलीवर ठेवलं. मुलाला कळवलं, त्यानं लातूरच्या डॉक्टरांकडं दाखवलं. डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले. त्यातला एक होता, "सुरुवात केव्हा झाली? स्वयंपाकात फरक पडला होता का? मीठ-साखर दोनदा पडणं, किंवा राहून जाणं? बऱ्याच घरांत तिथूनच लक्षात येतं."

मुलगा माझ्याकडं बघत म्हणाला, "नाही. बाबा रोज चव बघायचे. त्यांनी सांगितलं असतं."

तेव्हा मी सांगितलं. डॉक्टरांच्या टेबलापाशी, बायको शेजारी बसून आपल्या पिशवीचे बंद सोडत-बांधत असताना. माझी चव केव्हाच गेली आहे, सून म्हणत होती ते खरं होतं. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. त्यांना ती एक माहिती होती. मुलगा मात्र उठून बाहेर गेला.

त्याच संध्याकाळी मी सुनेकडं गेलो. मुलानं तिला काही सांगितलेलं नव्हतं. तो म्हणाला, "तुम्हीच सांगा." ती खुर्चीत बसून ऐकत होती. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा म्हणेल जाऊ द्या बाबा. ती म्हणाली, "तुम्ही आईंची बाजू घेताय असं मला वाटत होतं. त्याचा राग होता, पण ते मला समजत होतं. कुणीतरी कुणाची तरी बाजू घेतो. तुम्ही तर कुणाचीच घेतली नव्हती."

मी म्हणालो, "माझं चुकलं."

"मला सांगून काय उपयोग? मी टाकलं नाही हे मला माहीतच होतं. ज्यांनी ती आमटी खाल्ली त्यांना सांगा."

तिनं मला जेवायला वाढलं. मीठ कसं आहे हे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रेणापूरला अक्काकडं गेलो. अक्का अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "तुला सुनेनं पाठीवलं का?"

"तिनं सांगितलं म्हणून आलो. पण मी बोलतोय ते खरं आहे."

"तेच म्हनते मी. आता म्हातारपणी तिच्याकडं ऱ्हायचं आसंल तुला. बायको आशी झाली, आता तुला कोन बघनार? मंग सुनेला चांगलं म्हणावंच लागंल की."

"अक्का, मला खरंच चव नाही गं. तेव्हाही नव्हती."

"मंग पुतणीच्या लग्नात आचाऱ्याला मस्त जमलंय म्हणून सांगितलंस, ते काय झोपेत?"

मी खाली पडलेली टरफलं गोळा करायला लागलो. ती जरा मऊ झाली. म्हणाली, "आरं, खरं बी आसंल. पण मी कुठं कुठं सांगत फिरू? त्या पंगतीतली थोरली चुलती तर गेली. तुझ्या मेहुण्याला तर तीच गोष्ट सांगून सांगून तोंडपाठ झालीय, तो सोडनार हाय का? लोकांना झाली गोष्ट आवडती. तू उकरू नको." निघताना तिनं सुनेसाठी शेंगांची पिशवी बांधून दिली. "मी दिल्या म्हणून सांग," म्हणाली. तेवढंच. मेहुण्याला मी फोन केला. तो हसला आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही बी आता विसरून राहिले का?"

म्हणून हे लिहितो आहे. वाचणाऱ्यांत आमच्यातलं कुणी असेल तर त्यानं पुढं सांगावं.

पण माझा खरा घोर वेगळाच आहे. बायको आता बरंच विसरली आहे. आमच्या लग्नाची गोष्ट तिला आठवत नाही. कधी मला तिचे काका समजते. मुलाचं नाव चुकते. पण एक गोष्ट तिच्या डोक्यात घट्ट बसली आहे. सून जेवणात मीठ टाकते. बाकी सगळं पुसत गेलं आणि माझं खोटं तेवढं राहिलं.

मी एकट्यानं तिचं करू शकत नाही. सून सुट्टीच्या दिवशी लातूरहून येते. का येते हे मी विचारलेलं नाही, आणि तिनं मला माफ केलं आहे असंही तिनं कधी म्हटलेलं नाही. ती बायकोला न्हाऊ घालते, वेणी घालते, तोवर सगळं ठीक असतं. जेवण घेऊन बसली की बायको तोंड फिरवते. "हिच्या हातचं नको. ही मीठ टाकते. माझी इज्जत घालवली हिनं." ताट ढकलून देते. एकदा तर दिवसभर उपाशी राहिली. सून भिंतीकडं बघत बसली होती, हातात वरणभाताचा घास तसाच.

मी बायकोपाशी बसून खरं सांगितलं. "अगं, तिनं टाकलं नव्हतं. मला चव कळत नव्हती, मी खोटं बोललो."

तिनं नीट ऐकलं. कपाळाला आठ्या घालून विचारलं, "मग आमटी खारट होती?"

"होती."

"मग कुणी केली ती? माझ्या हातून झाली?"

त्या क्षणी तिला सगळं समजत होतं. तिचा चेहरा लहान झाला. ती स्वतःच्या हातांकडं बघायला लागली, उलटेसुलटे करून. "सगळ्यांच्या पुढं?" तिनं विचारलं. मग रडायला लागली आणि आपण कशासाठी रडतोय हे विसरल्यावरही रडत राहिली. त्या दिवशीही ती जेवली नाही.

पुढच्या खेपेला सून ताट घेऊन आली, बायकोनं तोंड फिरवलं, तेव्हा मी म्हणालो, "मीठ मी टाकलं होतं."

"तुम्ही?"

"हो. मीच. मला वाटलं कमी आहे."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग अशी भडकली की कितीतरी महिन्यांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं चुलीपाशी यायला? सोवळ्यात नव्हता काही नव्हता! मी पहाटेपासून राबून राहिले आणि तुम्ही मीठ टाकून राहिले? आणि त्या पोरीवर आळ!" ती सुनेकडं वळली. "ह्यांनी टाकलं बघ. तू का बोलली न्हाईस गं?"

सून माझ्याकडं बघत म्हणाली, "परत खोटं, बाबा?"

बायकोनं तोंड उघडलं आणि सुनेच्या हातचा घास घेतला. मग दुसरा. जेवता जेवता माझ्याकडं बोट करून म्हणाली, "त्या माणसाला आधी बाहेर काढ. तो इथं असला की मला भ्या वाटतं."

संध्याकाळपर्यंत ती हे विसरते. पुढच्या आठवड्यात सून येते, ताट येतं, ती तोंड फिरवते आणि मला ते परत सांगावं लागतं. परत ती भडकते, सुनेची बाजू घेते, मला बाहेर काढते आणि जेवते. सुनेला हे पटलेलं नाही. ती म्हणते, "आईंना आहे ते कळायला पाहिजे." मग घास भरवते आणि पुढं काही म्हणत नाही.

आजही ती आली आहे. मी बाहेरच्या खोलीत बसून हे पूर्ण करतो आहे. आतून बायकोचा आवाज येतो आहे, ती तिला सांगते आहे की त्या माणसाला सैपाकघराची कडी लावत जा.